वापरानुसार मेनूचा क्रम आपोआप बदलावा का?

काउंटरवाला:
घाऊक औषधविक्रीच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एका मेनूत ३८ कमांड आहेत. प्रत्येक ऑपरेटर त्यातल्या सहा-सातच वापरतो, म्हणून वापर जास्त ती कमांड वर, असा क्रम लावला. झालं उलटंच. चुकीचे क्लिक वाढले, 'विक्री परतावा'च्या जागी 'खरेदी परतावा' उघडला जातो. गणित चुकतंय की कल्पनाच?

मोजपट्टी:
जागा हलवणं चुकतंय. रोज बसणारा ऑपरेटर मेनू वाचत नाही, त्याच्या हाताला जागा पाठ असते. ऑफिस २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं कमी वापराच्या कमांड लपवणारे मेनू आणले. खालच्या दुहेरी बाणावर गेलं की लपलेल्या कमांड मधेमधे घुसत आणि पाठ झालेली जागा सरकत असे. ऑफिस २००७ मधल्या रिबननं, म्हणजे वरच्या बटणांच्या रुंद पट्ट्यानं, ते मेनूच काढून टाकले.

३८ ची यादी आहे तशीच ठेवा. वर ४ ओळींची पट्टी करा आणि तिच्यात नेहमीच्या कमांडची नक्कल दाखवा. मूळ कमांड खाली जागेवरच राहील. चारापुढे जाऊ नका, कारण हवी ती पट्टीत नसली की आधी पट्टी वाचायची, मग यादी. पट्टीची उंची पहिल्या दिवसापासून चार ओळींची हवी, नाहीतर ती भरत जाईल तशी खालची यादी ढकलली जाईल. 'बिल रद्द'सारखी कमांड तिथे कधीच नको. कीबोर्डवर ऑल्टसोबत दाबायची अक्षरंही बदलू नका.

निळीशाई:
नुसती संख्या मोजलीत तर मार्चअखेरच्या कमांड जूनपर्यंत वर चिकटून राहतील. प्रत्येक वापराला एक गुण द्या आणि गुणांना घसरण लावा, म्हणजे वापर नसेल तर ते दर सात दिवसांनी निम्मे होतील:

नवे गुण = जुने गुण × ०.५^(मधले दिवस ÷ ७) + १

दर कमांडमागे दोनच गोष्टी साठवाव्या लागतात: गुण आणि शेवटच्या वापराची वेळ. तुलना करताना मात्र सगळ्यांचे गुण आजच्या तारखेपर्यंत घसरवून घ्या. हे राहून गेलं की बंद पडलेली कमांड जुन्या गुणांवर टिकून राहते. पट्टीतल्या सर्वांत कमी गुणांपेक्षा नवी कमांड किमान २५ टक्क्यांनी पुढे असेल तरच बदल करा, तोही तेवढ्या एकाच ओळीत. बदल फक्त लॉगिनच्या वेळी. काम चालू असताना अजिबात नाही.

काउंटरवाला:
काही दुकानांत तिघं एकाच लॉगिननं काम करतात. तिथे?

मोजपट्टी:
तिथे आपोआप बदल बंद. तिघांचे गुण मिसळले की पट्टी कुणाच्याच कामाची राहत नाही. पट्टीत कोणत्या कमांड कायम ठेवायच्या ते टाचणीच्या खुणेनं (पिन) हातानं निवडू द्या. लिआ फिंडलेटर आणि जोआना मॅकग्रेनर या संशोधकांनी २००४ मध्ये स्थिर, हातानं बदलता येणारा आणि आपोआप बदलणारा अशा तीन मेनूंची तुलना केली होती. आपोआप बदलणारा स्थिर मेनूपेक्षा हळू ठरला आणि बहुतेकांची पसंती हातानं बदलता येणाऱ्याला मिळाली. माझं मत विचाराल तर पिनची सोय सगळीकडेच द्या.

निळीशाई:
आणि हे सगळं बसवण्याआधी जुन्या लॉगवर, म्हणजे आधीच्या क्लिकच्या नोंदींवर, चालवून पाहा: प्रत्येक क्लिकच्या वेळी हवी ती कमांड पट्टीत असती का? तीच मोजणी 'शेवटच्या वापरलेल्या ४' या साध्या नियमानंही करा. सूत्र त्याच्या पुढे जात नसेल तर सूत्र टाकून द्या. बसवल्यावर मेनू उघडल्यापासून क्लिकपर्यंतचा वेळ आणि खिडकी उघडून २ सेकंदांत एस्केप दाबल्याच्या नोंदी, दोन्ही ठेवा. चुकीचे क्लिक त्या दुसऱ्या आकड्यात सापडतील.