आभाळ कापलं, माणसं नाही

इथल्या चर्चेत कोणीतरी लिहिलंय की छायाचित्रकार मायकेल वुल्फच्या हाँगकाँगमधल्या उंच इमारतींच्या फोटो-मालिकेत नुसत्या खिडक्यांची रांगोळी आहे, माणूस दिसतच नाही. त्या मालिकेपुरतं मान्य. आभाळ आणि जमीन दोन्ही फ्रेमबाहेर ठेवली की इमारत कुठे संपते तेच कळत नाही, आणि चाळीस मजलेसुद्धा वॉलपेपर वाटायला लागतात. पण त्याच माणसाने हाँगकाँगच्याच शेक किप मेई वसाहतीत आत शिरून शंभर खोल्यांचे फोटो काढलेत, हे या चर्चेत आलेलं नाही. खोली साधारण शंभर चौरस फूट, म्हणजे आपली दहा बाय दहा (बीडीडी चाळीतली १६० ची खोली याहून ऐसपैस!). प्रत्येक फोटोत राहणारा माणूस आपल्या पसाऱ्यात बसलेला. पलंगाखाली डबे, भिंतीवर कॅलेंडर, छतापर्यंत पिशव्या. १९५३ च्या नाताळात तिथली झोपडपट्टी जळून पन्नास हजारांवर लोक बेघर झाले, त्यानंतर बांधलेली ही वसाहत. फोटो काढले तेव्हा ती पाडायच्या बेतात होती. आता मूळ इमारतींपैकी मेई हो हाऊस तेवढी उरलीय, आणि तिथे युथ हॉस्टेल आहे.

मला स्वतःला आतले फोटो जास्त आवडतात. बाहेरून काढायला परवानगी लागत नाही, तिथेच गोची आहे. हाँगकाँगच्या क्वारी बे भागातल्या 'मॉन्स्टर बिल्डिंग' या दाटीवाटीच्या प्रसिद्ध रहिवासी इमारतीच्या चौकात सेल्फीवाल्यांची एवढी गर्दी व्हायला लागली की शेवटी रहिवाशांनी फोटो काढू नका अशा पाट्या लावल्या.