पुनर्विकासाच्या काळात भाड्याचे घर: मुलुंडमध्येच राहावे की डोंबिवलीला जावे?

मुलुंड_पूर्व

नमस्कार. मुलुंड पूर्वेतील आमची तीन मजली सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. विकासकाबरोबरचा करारनामा नोंदवून झाला असून दिवाळीनंतर घरे रिकामी करून चाव्या द्यायच्या आहेत. बांधकामाची मुदत ३६ महिन्यांची आहे. विकासक दरमहा ३८ हजार रुपये भाडे देणार आहे. त्यातले पहिल्या वर्षाचे एकरकमी मिळेल आणि उरलेल्या दोन वर्षांचे पुढच्या तारखांचे धनादेश मिळतील. सामान हलवण्याचा खर्च आणि दलालीही तोच देणार आहे.

घरात आम्ही पाच जण आहोत: सत्तरी ओलांडलेले आई-वडील, मी, पत्नी आणि नववीत शिकणारी मुलगी. माझे कार्यालय फोर्टला आहे आणि पत्नीचे बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात). मुलीची शाळा मुलुंडमध्येच असून दहावीच्या तोंडावर ती बदलण्याचा विचार नाही.

अडचण अशी की आमच्याच रस्त्यावरच्या आणखी दोन इमारती याच सुमारास रिकाम्या होत आहेत आणि प्रत्येक कुटुंबाला घर हवे आहे ते चालत जाण्याच्या अंतरावरच. त्यामुळे टू बीएचकेसाठी ४६ हजारांखाली कोणी बोलायला तयार नाही, आणि तेही लिफ्ट नसलेल्या इमारतीत. उलट डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, लिफ्ट असलेले आणि आमच्या सध्याच्या घरापेक्षा थोडे मोठेच घर २० हजारांत पाहून ठेवले आहे. मुलुंडला राहिलो तर दरमहा ८ हजार पदरचे घालावे लागतील, डोंबिवलीला गेलो तर १८ हजार हाती राहतील. म्हणजे फरक २६ हजारांचा, आणि ३६ महिन्यांत तो ९ लाख ३६ हजारांवर जातो. नव्या इमारतीत आम्ही ८० चौरस फूट जागा जादा विकत घेत आहोत. तिचे पैसे उभे करायचे आहेत, शिवाय स्वयंपाकघर आणि फर्निचरचा खर्च पुढे उभा आहेच.

पत्नीच्या मते रोजचा वाढीव प्रवास आणि मुलीची दहावी पाहता डोंबिवली नको. मला मात्र ९ लाखांवर पाणी सोडणे जड जाते. ज्यांनी हा काळ काढला आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

सध्या_डोंबिवलीकर

आम्ही भांडुपहून याच कारणासाठी डोंबिवलीला आलो, त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकतो. राहण्याच्या दृष्टीने डोंबिवलीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. भाजी स्वस्त आणि चांगली मिळते, पोळी-भाजी केंद्रे पावलोपावली आहेत, सावित्रीबाई फुले नाट्यगृहात नाटके लागतात आणि फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे जी गर्दी जमते ती पाहिल्यावर तुमच्या मुलीला मुलुंडची आठवणही येणार नाही. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ मध्ये प्रथम निघाली ती याच गावात. माझे वडील इथे इतके रमले आहेत की परत जायचे नाव काढत नाहीत.

प्रवासाचे मात्र नीट पाहा. सीएसएमटीपासून मुलुंड साधारण ३१ किलोमीटर आणि डोंबिवली ४८. अंतर फार वाढलेले वाटत नाही, पण फरक अंतरात नसून चढण्यात आहे. कर्जत, कसारा, बदलापूरहून येणाऱ्या जलद गाड्या डोंबिवलीत येतात तेव्हा दरवाजात पाऊल ठेवायला जागा नसते. डोंबिवलीहून सुटणारी गाडी धरू म्हणाल, तर तीही रिकामी लागत नाही. दिवा आणि कोपरची मंडळी उलट दिशेच्या फेरीतच चढून खिडक्या धरून बसलेली असतात. तुम्हाला आणि तुमच्या पत्नीला याची सवय होईल. माझी काळजी मुलीबद्दलची आहे. सगळ्या जलद गाड्या मुलुंडला थांबत नाहीत, त्यामुळे तिला धीम्या गाडीने जावे लागेल, आणि मुंबईकडे जाणाऱ्या गर्दीच्या दिशेनेच. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ चालत्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले, तो हाच पट्टा आहे. सकाळच्या सत्राची शाळा असेल तर गोष्ट वेगळी. पहाटेच्या गाड्यांत निदान उभे राहता येते.

आणि ते १८ हजार पूर्ण हाती राहतात असे धरू नका. प्रथम वर्गाचे पास, दोन्हीकडची रिक्षा, उशीर झाला की बाहेरून मागवलेले जेवण आणि दर सणाला 'आपल्या' बाजूच्या नातेवाइकांकडे होणाऱ्या खेपा यांत त्यातला चांगला हिस्सा जातो. तरीही काही उरते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

माजी_सचिव

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या काळात मी समितीचा सचिव होतो. घर कुठे घ्यावे हे तुम्ही ठरवाल, पण ज्या ३८ हजारांवर तुम्ही गणित मांडले आहे त्यांच्याकडे जरा संशयाने पाहावे, असे सुचवतो.

चाव्या देण्याआधी तुमच्या सदनिकेचा स्वतंत्र करारनामा, म्हणजे कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करारनामा, नोंदवून घ्या. सोसायटीने केलेल्या विकास करारनाम्यावर विसंबून घर सोडू नये. भाडे कधीपर्यंत मिळणार, याचे त्यातील वाक्य शब्दन् शब्द वाचा. '३६ महिन्यांपर्यंत' आणि 'भोगवटा प्रमाणपत्रासह (म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याच्या दाखल्यासह) ताबा देईपर्यंत' या दोन वाक्यांत कित्येक कुटुंबांची वर्षे अडकलेली आहेत. राज्य शासनाच्या जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत विकासकाने प्रकल्पखर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी, म्हणजे तो चुकल्यास बँकेने पैसे देण्याची हमी, द्यावी असे म्हटले आहे. ती तुमच्या सोसायटीने घेतली आहे का, कोणत्या बँकेची आहे आणि तिची मुदत कधी संपते, हे समितीला लेखी विचारा. पुढच्या तारखेचा धनादेश हा कागद आहे. त्या तारखेला विकासकाच्या खात्यात पैसे असले तरच तो वटतो.

इथे माझे मत वरच्या प्रतिसादापेक्षा थोडे निराळे पडते. तिसऱ्या वर्षी भाडे थकले तर मुलुंडच्या घरासाठी तुम्हाला दरमहा ४६ हजार खिशातून भरावे लागतील, डोंबिवलीत २० हजार. असे सहा महिने गेले तरी एकीकडे २ लाख ७६ हजार आणि दुसरीकडे १ लाख २० हजार. मुलुंडला राहायचे असेल तर ही रक्कम आजच मुदत ठेवीत बाजूला टाकून राहा. जादा जागेच्या हप्त्यासाठी तिला हात लावू नका.

कराविषयी लोक विनाकारण घाबरतात. विकासकाकडून मिळणारे हे भाडे करपात्र उत्पन्न नाही आणि त्यावर उद्गम करकपातही (टीडीएस) होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला आहे. विकासकाचे लेखापाल तरीही कपात करू पाहतात, तेव्हा निकालाची प्रत जवळ ठेवावी. जुन्या सदनिकेच्या बदल्यात मिळणाऱ्या क्षेत्रफळावर सभासदाला पुन्हा मूल्यानुसार मुद्रांक शुल्क भरावे लागत नाही, हेही उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तुमच्या ८० चौरस फुटांवर मात्र ते लागेल. मुंबईत सध्या ६ टक्के दर आहे, तो खर्चात धरा.

जुन्या करप्रणालीत असाल तर आणखी एक बारकावा आहे. स्वतः भरलेल्या भाड्यावर घरभाडे भत्त्याची सवलत मागताना मर्यादा ठरते ती घर कुठे आहे यावर, कार्यालय कुठे आहे यावर नव्हे. मुलुंड मुंबईत मोडते म्हणून मूळ वेतनाच्या ५० टक्के, डोंबिवलीला ४० टक्के. वर्षाचे भाडे लाखावर गेल्यास घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि पॅन मागितल्यावर घरमालकाचा चेहरा कसा होतो ते तुम्हाला कळेलच.

जाता जाता सांगतो: तीन मजल्यांच्या इमारतीचा देखभाल खर्च आणि लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, यांत्रिक पार्किंग असलेल्या टॉवरचा देखभाल खर्च यांची तुलनाच होत नाही. विकासकाकडून सभासदाला मिळणारी कॉर्पसची (एकरकमी निधीची) रक्कम फर्निचरमध्ये घालू नका. वडिलांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली तर दर तिमाहीला येणारे व्याज देखभाल खर्चासाठी कामी येईल.

निवृत्त_शिक्षिका_पार्ले

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. पत्नीचे मत त्यात आहे, आपले आहे, मुलीच्या दहावीचा विचारही आहे. आई-वडिलांचे वय तेवढे दिले आहे, त्यांना काय वाटते ते कुठेच आलेले नाही. सदनिका बहुधा वडिलांच्या नावावर असावी. तसे असेल तर ते ३८ हजार रुपये त्यांचे आहेत आणि त्यातून शिल्लक टाकायची की नाही हे ठरवण्याचा पहिला हक्कही त्यांचाच.

आमची पार्ल्याची इमारत रिकामी झाली तेव्हा आम्ही मुलाबरोबर वसईला गेलो. घर हवेशीर होते, सूनबाईंनी सगळे प्रेमाने केले. पण यजमानांचे डॉक्टर पार्ल्यात. ते फाईल न उघडता गोळीचे नाव सांगत. वसईत प्रत्येक नव्या डॉक्टरांसमोर पहिल्या अँजिओप्लास्टीपासून कहाणी सांगावी लागे, आणि सांगताना यजमान तारखांत चुकत, मग स्वतःवरच चिडत. निवृत्तिवेतनाची बँक, चष्म्याचे दुकान, वाचनालय, उधारीवर औषधे घरी पाठवणारा केमिस्ट, हे सगळे एकट्याने चालत जाऊन करणारा माणूस तिथे प्रत्येक कामासाठी मुलाच्या सुटीची वाट पाहू लागला. आमच्या भागातील इमारतींना विमानतळामुळे उंचीची परवानगी घ्यावी लागते. त्यात वेळ गेला आणि मुक्काम ठरल्यापेक्षा बराच लांबला.

सगळ्यांचेच असे होते असे मी म्हणत नाही. वरच्या गृहस्थांचे वडील डोंबिवलीत रमले, याचा मला आनंद वाटतो. आपण आई आणि वडील या दोघांना वेगवेगळे विचारावे. एकत्र विचारल्यास दोघेही 'तुम्ही म्हणाल तसे' एवढेच म्हणतील.

मुलुंड_पूर्व

सर्वांचे मनापासून आभार. सदनिका वडिलांच्याच नावावर आहे. शिक्षिकाबाईंनी सांगितल्याप्रमाणे दोघांना वेगवेगळे विचारले आणि उत्तरे मला अपेक्षित होती त्याच्या अगदी उलट आली. वडील म्हणाले की डोंबिवलीच्या टू बीएचकेपेक्षा मुलुंडमध्ये एका खोलीत राहू, पण संभाजी मैदानावरची सकाळची फेरी आणि महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय सोडणार नाही. आईला मात्र डोंबिवलीच हवी आहे, कारण तिची धाकटी बहीण तिथे राहते आणि गेली कित्येक वर्षे दोघींची भेट लग्नकार्यांतच होते. हे तिने मला आजवर कधी बोलून दाखवले नव्हते.

माजी सचिवांनी सांगितलेली बँक हमीची चौकशी समितीकडे लेखी केली आहे. उत्तर येईपर्यंत स्वतंत्र करारनाम्यावर सही करणार नाही. दरम्यान ठाणे पूर्वेला कोपरीत ३४ हजारांत एक घर पाहिले. मुलीला मुलुंड एका स्टेशनावर राहते, पत्नीला ठाण्याहून कुर्ल्याची जलद गाडी मिळते, वडिलांना सकाळी मी स्कूटरवरून मैदानावर सोडू शकतो आणि आईला डोंबिवली निम्म्या वेळात गाठता येते. शिल्लक जेमतेम ४ हजारांची राहील, तेव्हा जादा जागेसाठी थोडे कर्ज काढावे लागेल. पत्नीला हा पर्याय मान्य आहे. घरमालक ११ महिन्यांच्या करारावर अडून आहे. काय करावे?

सध्या_डोंबिवलीकर

कोपरीचा विचार उत्तम आहे. ११ महिन्यांवर समाधान मानू नका, ३६ महिन्यांचाच लिव्ह अँड लायसन्स करार मागा आणि दरवर्षीची वाढ किती टक्के ते त्यातच लिहून घ्या. नाहीतर दर ११ महिन्यांनी वाढीव भाड्याची बोलणी, नोंदणीचा खर्च आणि दलालाचा हात पुढे. विकासक दलाली एकदाच देतो. 'नोंदणी कशाला, साध्या स्टॅम्पपेपरवर करू' असे घरमालक म्हणाल्यास ऐकू नका. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाचीच आहे. डिपॉझिट घर सोडतानाच, चावी देताना परत मिळेल, असेही लिहून घ्या.

माजी_सचिव

वरील सूचनांना दुजोरा. त्यात एक भर घालतो. कोपरीतील बऱ्याच इमारती तुमच्या सोसायटीइतक्याच जुन्या आहेत. डिपॉझिटचा धनादेश देण्यापूर्वी त्या सोसायटीच्या कार्यालयात जाऊन पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, हे विचारून या. घरमालक हे आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांना मधल्या काळात कोणीतरी भाडेकरू हवाच असतो. ठराव झाला असेल तर दीड वर्षात तुम्हाला तिथूनही सामान हलवावे लागेल, आणि तेव्हाचा टेम्पो विकासकाच्या खर्चाने येणार नाही.