नगरसेवकपदाच्या उमेदवारांची रोजगाराची आश्वासने कशी तपासावीत?

प्रश्न: इचलकरंजीत मत मागायला येणारे उमेदवार यंत्रमागाला सवलतीची वीज आणि तरुणांना नोकऱ्या देण्याचे आश्वासन देत असतील, तर ते महापालिकेच्या हाती असते का? नसेल, तर त्यांना नेमके काय विचारावे?

पहिले उत्तर: वीजदरातील सवलत राज्य सरकार देते, तेथे नगरसेवकाचे काही चालत नाही. मात्र 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार फेरीवाल्यांचे सर्वेक्षण आणि विक्री प्रमाणपत्रे ही पालिकेचीच जबाबदारी आहे, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. भाजीवालीची हातगाडी काट्या-टोपल्यांसह उचलून नेली जाते, तेव्हा तिचा त्या दिवसाचा रोजगारच बुडतो. त्याबद्दल जो उमेदवार गप्प बसतो, त्याच्या रोजगारावरील भाषणावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

दुसरे उत्तर: पूर्णपणे सहमत. कंत्राटी सफाई कामगारांना किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी वेळेवर मिळावा म्हणून ते काय करणार, हेही विचारावे. कारण कंत्राटदार मध्ये असला तरी मूळ नियोक्ता पालिकाच असते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. प्रभागातील कोपरा सभेत हे दोन्ही प्रश्न लेखी देतो.