आयर्लंडमधली जुनी ठिकाणं: तुमचे अनुभव लिहा

जूनमध्ये आईबाबा डब्लिनला येतायत, पहिल्यांदाच. बाबांना इतिहासाचं वेड, त्यामुळे नुसती हिरवळ दाखवून भागणार नाही. वेबसाइटवर सगळंच 'अप्रतिम' असतं, म्हणून तुम्ही स्वतः गेलात तेव्हा काय झालं ते लिहा, फसलेलं असेल तर तेही.

माझं न्यूग्रेंजचं सांगते. ५,००० वर्षांहून जुनं थडगं, गिझाच्या पिरॅमिडच्या आधीचं. आतली वाट १९ मीटर, पण इतकी अरुंद की सॅक पोटाशी घेऊन तिरकं सरकायचं. आत पोचल्यावर गाइड दिवे घालवते, मिट्ट काळोख, आणि मग एक पिवळी तिरीप जमिनीवरून हळूहळू आत येते. ती दिव्याचीच असते, खरी फक्त २१ डिसेंबरच्या आसपास उगवतीला, १७ मिनिटं, आणि तेव्हा आत जायला लॉटरी, ती लागली तरी ढग आले की संपलं. मी कोल्हापूरची, अंबाबाईच्या किरणोत्सवात किरणं आज कमरेपर्यंत आली की चेहऱ्यापर्यंत यावर घरात वाद ऐकत वाढलेली, त्यामुळे ढगांचं दुःख मला लगेच कळलं.

*

किल्मेनहॅम जेल चुकवू नका, पण तिकीट आधी ऑनलाइन काढा, आम्ही 'बघू तिथे जाऊन' करत गेलो आणि गेटवरून परत आलो. दुसऱ्या खेपेला जमलं. इंग्रजांविरुद्धच्या १९१६ च्या उठावातल्या १४ जणांना जिथे गोळ्या घातल्या ते अंगण म्हणजे उंच भिंती नि खडी, बास. एका टोकाला एक क्रूस आणि पार दुसऱ्या टोकाला दाराजवळ आणखी एक. हा वेगळा का म्हणून विचारलं, तर उठावाचा एक पुढारी जेम्स कॉनली आधीच जखमी होता, चालवेना, म्हणून दारातून आणला आणि तिथेच खुर्चीला बांधून मारला. गाइडनं हे ट्रेनचं टाइमटेबल सांगावं तसं सांगितलं. त्याआधी तिथलं चॅपल दाखवतात, उठावातल्याच जोसेफ प्लंकेटचं ग्रेस गिफर्डशी तिथे लग्न लागलं आणि काही तासांत त्याला गोळ्या. मला येरवड्यातले चापेकर आठवत राहिले.

*

स्केलिग मायकल! समुद्रातला सुळका, वर जुना मठ. पोर्टमॅगीहून बोट, तीही फक्त उन्हाळ्यात, आणि हवा बिघडली की रद्द. आमची दोन दिवस लागोपाठ रद्द झाली, हॉटेलात बसून पत्ते खेळलो. तिसऱ्या दिवशी गेलो तर बोटीतच निम्मे लोक पिशव्यांत तोंड घालून. वर ६१८ दगडी पायऱ्या, बहुतेक ठिकाणी कठडा नाही. दर रविवारी सिंहगड करतो अशी फुशारकी मारलेली, पण उतरताना चक्क बसून उतरलो. मधाच्या पोळ्यासारख्या त्या झोपड्या मात्र बघाच, चुना नाही माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि आत कोरडं. बेटावर संडास नाही, चहा बेतानं प्या.

*

ब्लार्नी कॅसलला दगडाचा मुका घ्यायला (घेतला की बोलण्यात पटाईत होतो म्हणे) तासभर रांगेत उभी राहिले. गोल जिन्यानं वर जायचं, उताणं पडायचं, लोखंडी गज धरून डोकं मागे खाली लोंबकळवायचं, एक माणूस आपल्याला धरून असतो. चष्मा काढला होता, त्यामुळे मुका नेमका कशाचा घेतला देव जाणे. मला खालची विषारी झाडांची बाग जास्त आवडली. तिथे पाटी लावून धोक्याचं म्हणून काय ठेवलंय, तर एरंड. आमच्या परसात उकिरड्यापाशी उगवतो तो.

*

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचं केल्सचं पुस्तक बघा, बायबलमधल्या शुभवर्तमानांची चित्रांनी सजवलेली हस्तलिखित पोथी, साधारण इ. स. ८०० चं, वासराच्या कातड्यावर लिहिलेलं. एका वेळी दोनच पानं उघडी असतात. तिथल्या जुन्या लायब्ररीच्या लांबलचक दालनाचे, लाँग रूमचे, फोटो बघून गेलो होतो तर कपाटं बरीचशी रिकामी, पुस्तकं साफसफाई-डागडुजीसाठी हलवलेली. तिकीट काढण्याआधी तेवढं बघून घ्या.

*

सगळ्यांना थँक्स. आईच्या गुडघ्यांमुळे स्केलिग बाद. न्यूग्रेंज आणि जेल नक्की, जेलचं तिकीट आत्ताच बघते. ब्लार्नीचं बाबांना सांगितलं तर म्हणाले, दगडाचं राहू दे, एरंडाची पाटी दाखव.