चौथीनंतरची मोठी शाळा: तुमचे अनुभव लिहा

लेक चौथी झाली. वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत चार वर्षं एकच बाई होत्या. शिक्षण हक्क कायद्याने पाचवी प्राथमिकमध्ये धरली, तरी आमची शाळा चौथीलाच संपते. जूनपासून गावातलं हायस्कूल, दिवसाला आठ तास आणि जवळजवळ तितकेच शिक्षक. काल झोपताना तिने विचारलं, "पोटात दुखलं तर आता कुणाला सांगायचं?" मला सांगता आलं नाही. तुमचा किंवा तुमच्या मुलांचा दिवस कसा बदलला, कुठे अडलं, ते लिहा.

•

मी कोकणातला, 1988 साली पाचवीत गेलो. आधीच्या शाळेत गुरुजींना गणितात रंग भरला की दुपारपर्यंत गणितच चालायचं, भूगोल उद्यावर जायचा. हायस्कुलात पस्तीस मिनिटं झाली की घंटा. भागाकार फळ्यावर अर्धा असतानाच सर डस्टर उचलून निघायचे आणि हिंदीच्या बाई दारात उभ्या. पहिल्या महिन्यातली माझी गणिताची वही अर्ध्या उदाहरणांची होती. घंटा झाल्यावर सरांना थांबवून विचारायचं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, म्हणजे हिंदी आणि एबीसीडी एकाच जूनमध्ये. वेळापत्रक नीट उतरवून घेतलं नव्हतं, म्हणून सगळीच पुस्तकं रोज पाठीवर. साकव ओलांडून तासभर चालत.

•

विदर्भातून लिहितेय. माझा दिवस एसटीने ठरवला. पाचवीपासून मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळायचा, त्यामुळेच घरून पाठवलं. पण परतीची गाडी शाळा सुटायच्या आधीची. शेवटचा तास बहुतेक खेळाचा असायचा. तीन वर्षं मी तो अर्ध्यावर सोडून पळाले. आठवीत मानव विकास योजनेची, मुलींना शाळेत नेणारी-आणणारी निळी बस लागली, तेव्हा पहिल्यांदा पूर्ण खो-खो खेळले.

•

मी पाचवी ते सातवीला शिकवतो. धागाकर्तीच्या मुलीसाठी: वर्गशिक्षकांनाच सांगायचं, आणि तास कुणाचाही चालू असला तरी उठून सांगायचं. पहिल्याच दिवशी तिला स्टाफरूमचं दार दाखवून आणा. जूनमध्ये ही मुलं दर दहा मिनिटांनी टेबलाशी येतात. "सर, पान संपलं, पुढच्या पानावर लिहू?" सुरुवातीच्या वर्षांत मी वैतागायचो, याचं आजही वाईट वाटतं. चौथीपर्यंत त्यांना प्रत्येक गोष्ट विचारायची मुभा होती. ती एका सुट्टीत कशी सुटेल?

•

आम्ही इंग्लंडमध्ये. मुलगा अकराव्या वर्षी सेकंडरीत गेला. इथे शिक्षक वर्गात येत नाहीत, मुलंच खोल्या बदलतात. पहिला आठवडा नकाशा हातात घेऊन फिरला.

•

माझा खरा बदल नववीत झाला. शाळा तीच, बाकही तोच. पण पोषण आहार आठवीपर्यंतच. पहिल्या दिवशी सवयीने ताट घेऊन रांगेत उभी राहिले. मावशी हळूच म्हणाल्या, "बाळा, तुझं नाव आता आमच्याकडं नाही." आई सकाळी सातला मजुरीला जायची. तेव्हापासून ती साडेचारला उठून माझ्यासाठी दोन भाकरी जास्त थापू लागली.