मदत हवी आहे: सायबर सुरक्षेत धाकट्या भावाने सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी,

भाऊ कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओव्हरदवायर या वेबसाइटवरचा बँडिट खेळ खेळता खेळता लिनक्सची गोडी लागली, आता पोर्टस्विगरच्या मोफत वेब सिक्युरिटी अकॅडमीत एसक्यूएल इंजेक्शनचे (वेबसाइटच्या डेटाबेसवर होणारा हल्ला) सराव-लॅब सोडवतोय. जेवायला चार हाका माराव्या लागतात! त्याची ही ओढ बघून खरंच बरं वाटतं, म्हणूनच चुकीचा सल्ला द्यायची भीती वाटते.

एका क्लासवाल्यांनी थेट एथिकल हॅकिंगचा महागडा कोर्स गळ्यात मारायचा प्रयत्न केला. नेटवर्किंग कच्चं असताना हे मला पटत नाही. टीसीपी/आयपी, डीएनएस (इंटरनेटवर माहिती कशी जाते, साइटचा पत्ता कसा सापडतो) नीट कळल्याशिवाय हल्ला ओळखणार कसा?

आधी सिक्युरिटी प्लस हे सुरुवातीचं प्रमाणपत्र करावं असं मला वाटतं. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, पाया तपासला जातो. ओएससीपी या पुढच्या प्रमाणपत्राची परीक्षा जवळजवळ २४ तास प्रत्यक्ष मशीन हॅक करण्याची, ती नंतर.

या क्षेत्रातल्यांना विचारायचंय: पहिली नोकरी एसओसी ॲनालिस्टची (कंपनीवरच्या हल्ल्यांवर नजर ठेवण्याची) धरावी, की थेट पेनटेस्टिंगसाठी (परवानगीने हॅक करून त्रुटी शोधण्याच्या कामासाठी) थांबावं? मुलाखतीत प्रमाणपत्र बघतात, की सीटीएफ (हॅकिंगच्या स्पर्धा) आणि स्वतः लिहिलेले राइटअप (आव्हान कसं सोडवलं त्याची टिपणं)? तुमचा स्वतःचा अनुभव सांगितलात तर फार मदत होईल.