कॅन्सर संशोधनासाठी पळालात? मराठवाडेकरांनो, अनुभव लिहा

येत्या जानेवारीत मुंबईला पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन पळणार आहे, ४२.१९५ किलोमीटर. सोबत कॅन्सर संशोधनासाठी निधी जमवतेय. सराव होतोय, पण पैसे मागायला गेलं की एकच प्रश्न येतो: "संशोधनाला कशाला? एखाद्या पेशंटला द्या की." त्यांचंही चूक नाही. एका आजारपणात शेत विकलेली घरं आपल्याकडं गावोगाव आहेत. तुम्ही काय उत्तर दिलंत ते लिहा. पळण्याचंही लिहा.

सुरुवात मी करते. मी धाराशिवची. आमच्या जिल्ह्यात १९९९ ला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, असं तिघांचं मिळून काम. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. त्यातली एक माझी मावशी. तिला आठवतं ते एवढंच, की सिस्टर घरी आल्या, सासूबाई नको म्हणत होत्या, आणि ती खुरपणीचा रोज बुडवून गेली. २००९ ला निष्कर्ष छापून आले: हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्या एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न केलेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. मागच्या महिन्यात मी हे तिला समजावून सांगितलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या तपासणीचं कायतरी झालं म्हन की."

लातूरहून

ताई, माझी मोंढ्यात आडत आहे. वडिलांना तोंडाचा कॅन्सर झाला, तंबाखूचा. डॉक्टर म्हणाले, गाठीसोबत मानेतल्या ग्रंथीही आत्ताच काढू. आम्ही घाबरलो. मानेत तर काही दिसत नव्हतं, मग एवढी चिरफाड कशाला? नंतर कळलं, हाच प्रश्न टाटाच्या डॉक्टरांनी ५०० पेशंटवर तपासून पाहिला होता. २०१५ ला उत्तर आलं: आधीच काढल्या तर तीन वर्षांनी शंभरातले ८० जिवंत, थांबून काढल्या तर साडेसदुसष्ट. वडील आज दुकानात गल्ल्यावर बसतात. मान डावीकडं पूर्ण वळत नाही, गिऱ्हाईक त्या बाजूनं आलं की अख्खे वळतात.

मी २१ किलोमीटर पळालो. सोयाबीनची आवक जोरात असताना वही घेऊन मोंढ्यात फिरलो. व्यापाऱ्यांनी आधी पावती विचारली, आयकरात सवलत मिळते ती ८०जी ची. ती सोय आधी करून ठेवा, आणि रक्कम थेट संस्थेच्या खात्यावर जाऊ द्या, आपल्या हातात नको. नोंदणीची फी वेगळी आणि देणगी वेगळी, हेही सांगावं लागतं. हमालांनी दहा-दहा, वीस-वीस दिले. ते रोख, मी भरले आणि नावं लिहून ठेवली. वडिलांची मान पाहिलेली माणसं ती, त्यांना संशोधन म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही.

जालन्याहून

फक्त पळण्याचं. आपल्याकडची हवा कोरडी, घाम अंगावरच वाळतो. मुंबईत जानेवारीतही वाळत नाही, मीठ भसाभस जातं. नुसतं पाणी पीत राहू नका, ओआरएस ठेवा. आणि परतीच्या पेडर रोडच्या चढासाठी पाय राखून ठेवा.

नांदेडहून

माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो, मग शेक, म्हणजे रेडिएशन. काखेतल्या ग्रंथी काढल्यानं उजवा हात सुजतो. पोळ्या लाटताना सुद्धा जड होतो. पळायचं म्हटल्यावर घरातले एकमुखानं नाही म्हणाले. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले हळूहळू वाढवा आणि हाताला दाबाची बाही घाला. गोदावरीच्या घाटावर पहाटे आधी चालले, मग दोन खांबांमधलं अंतर पळायचं, दोन खांब चालायचं. सात महिन्यांनी दहा किलोमीटर झाले.

मला पैसे मागायची लाज वाटली नाही. मी घेतलेलं प्रत्येक औषध माझ्याआधी कुणीतरी घेऊन पाहिलंय. काहींना ते लागू पडलं नसेल. त्या बायकांची नावं मला माहीत नाहीत.

परभणीहून

मी ३१ व्या किलोमीटरला थांबलो. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, पाय टेकेना. कडेला बसून रडलो. काकांच्या नावानं पळत होतो, ते जाऊन चारच महिने झाले होते. परत आल्यावर देणगी दिलेल्या प्रत्येकाला फोन करून सांगितलं की पूर्ण झालं नाही. एकानंही पैशाचा विषय काढला नाही. माझे शाळेतले सर म्हणाले, "राहिलेले अकरा कधी पळतोस ते सांग, मी येतो." पुढच्या रविवारी वसमत रोडला सर मोटारसायकलवर पाण्याची बाटली घेऊन सोबत आले.

पुन्हा धाराशिवहून

सगळं मावशीला वाचून दाखवलं. नांदेडच्या ताईंचं दोनदा वाचायला लावलं. लातूरच्या दादांसारखी वही आणलीय, उद्या बाजारात जातेय. पहिल्या ओळीत तिचं नाव लिहिलं आणि पुढं "१९९९ लाच दिले" असं लिहू लागले, तर तिनं हात धरला. "ते येगळं," म्हणाली. "हितं शंभर लिही."